कापलेली फ्रिक्वेन्सी

तिसगाव सोडून लष्कराच्या सिग्नल विभागात भरती झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका चौकीवर. आमचा नवा रेडिओ सेट बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर न पाठवता रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा. मध्येच एखादा अरुंद, जोरकस सिग्नल घुसला की स्क्रीनवर उभी रेघ यायची आणि खरखर सुरू व्हायची. मग नॉच फिल्टर लावून तेवढीच फ्रिक्वेन्सी कापायची. जनरेटरचा चार्जर रोज हा त्रास द्यायचा, मी रोज डोळे झाकून कापायचो. हात चांगलाच बसला होता आणि मला त्याचा माज होता.

नाईक भानुदास श्रीरामपूरचा, माझा जिवाचा दोस्त. गस्तीत तो सगळ्यात मागे चालायचा, म्हणून राखीव जुना सेट त्याच्याकडे. तो एकाच फ्रिक्वेन्सीवर चालायचा आणि ती फ्रिक्वेन्सी मीच लावून दिली होती.

त्या दिवशी ०७४० ला गस्त निघाली. ०९१० ला गस्तीच्या पुढे असलेल्या हवालदारांचा आवाज सेटवर आला, "वरून बर्फ कोसळला. भानुदास दिसत नाही. ओव्हर."

०९१८ ला स्क्रीनवर रेघ उठली. येत होती, जात होती. हवालदारांचं बोलणं तुटायला लागलं.

"लाइन साफ कर," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"झाली, सर."

दहा सेकंदांत फिल्टर लावला होता. शोध डाव्या उतारावर सुरू झाला.

१११० ला भानुदास उजव्या उतारावर सापडला, बर्फाखाली. जीव गेलेला. सेटचा माइक फुटलेला, अंगठा बटणावर. आवाज जात नव्हता, म्हणून तो नुसतं बटण दाबत-सोडत राहिला होता; ती येणारी-जाणारी रेघ त्याचीच होती. रेघेखाली फ्रिक्वेन्सीचा आकडा दिसत होता. तो आकडा मी वाचला असता, तर भानुदासचा सेट लगेच ओळखला असता आणि दुसरा जुना सेट घेऊन सिग्नल वाढेल तिकडे माणसं गेली असती. मी वाचलाच नाही.

चौकशीत सगळं सांगितलं. हुकूम होता, म्हणून दोष कोणी दिला नाही. मला ते आजही पचत नाही.

आता नागापूरला एका वर्कशॉपमध्ये असतो. निवृत्तीनंतर भानुदासच्या आईला भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यानं कुनाला हाक मारली व्हती का रं?"

"न्हाई, मावशी. आमाला काय ऐकू आलं न्हाई."

"मंग लगीच गेला आसंल. तळमळला न्हाई, बरं झालं."

त्यांनी मला जेवायला वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.