आमच्या उसाची लाईट

विजेबद्दल ज्याचं कधीच काही चुकलं नाही असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्याला विजेतलं काडीइतकंही कळत नव्हतं. मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात उभी हयात फिजिक्स शिकवलं. ओहमचा नियम मला झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण आमच्या मामांसमोर दहा मिनिटं बसलो की वीज म्हणजे नक्की काय, हेच मला आठवेनासं व्हायचं. मामा म्हणजे माझ्या आत्तीचे मालक. आत्तीच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. मुरगूडच्या अलीकडे एका गावात त्यांची थोडी ऊसशेती होती, दारात दोन म्हशी होत्या, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत होतं. विजेवर जरा जास्तच होतं.

त्यांच्या लेखी वीज ही एक वस्तूच नव्हती. पाण्याची वीज वेगळी, कोळशाची वेगळी. पाण्याची वीज आपल्याकडची, धरणातून येणारी, स्वभावानं थंड. कोळशाची नागपूरकडची, तापट, आणि दमलेली. उन्हाळ्यात बल्ब तांबडा पडला, पंखा रडतखडत फिरायला लागला की मी म्हणायचो, "मामा, व्होल्टेज कमी आहे." ते माझ्याकडे दयेनं बघायचे. "मास्तर, कमी न्हाय, दमलीया. नागपूरस्नं येती बिचारी. तू एवढ्या लांबनं चालत आला असतास तर तुझाबी बल्ब असाच झाला असता." मी हसायचो. घरी परत येताना एसटीत मात्र माझ्या डोक्यात किडा वळवळायचा, की लांबच्या तारांत वीज वाया जाते, हे तर मीच बारावीच्या पोरांना फळ्यावर लिहून देतो. मग मामा काय चुकीचं बोलले? आणि बरोबर असतील तर मला हसू का आलं?

संध्याकाळी दिवा लावला की आपण सगळेच हात जोडतो. मामा हात जोडून वर बघायचे आणि बल्बलाच विचारायचे, "कुठनं आलीस बाई?" उत्तर आल्यासारखी मान हलवायचे आणि मगच चहाला बसायचे. एकदा माझा एक मित्र, वीज खात्यातला इंजिनिअर, माझ्याबरोबर हुरडा खायला तिकडं आला होता. मामांनी त्याला आडवाच घेतला. "पावणं, तुमी तर खात्यातलंच. मला सांगा, आत्ता ह्यो बल्ब पेटलाय, त्यातली लाईट कुठल्या गावची?" मित्र म्हणाला, "काका, असं सांगता येत नाही. सगळी एकत्र होते." मामा म्हणाले, "म्हंजे तुमालाबी ठावं न्हाय." मित्रानं वहीच्या कागदावर नकाशा काढला, तारा काढल्या, केंद्रं काढली. मामांनी कागद उलटा सुलटा बघितला आणि विचारलं, "ह्यात माझं घर कुठं हाय?" घर नव्हतं. परतीच्या वाटेवर मित्र कागलपर्यंत तो कागद उलटा सुलटा बघत होता. मग एकदम म्हणाला, "तसं बघितलं तर खरंच माहीत नाही रे आपल्याला."

ही सगळी नव्वदच्या दशकातली मजा. पुढं तिथल्या साखर कारखान्यानं उसाच्या चिपाडापासून वीज करायला घेतली आणि मामांचं डोकं पार फिरलं. रस काढून उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये जाळायचं, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, कारखान्याला लागेल ती वीज ठेवून उरलेली तारांवर सोडायची, असा तो प्रकार. मी समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आता माझ्या उसाची लाईट निघणार." मी म्हटलं, "तसं म्हणा हवं तर." ही माझी चूक. ते "हवं तर" कधीच म्हणत नसत, म्हणायचं तर म्हणूनच टाकत. त्या साली कारखान्याच्या वार्षिक सभेत ते उभे राहिले. आमच्याकडची वार्षिक सभा म्हणजे व्यासपीठावरून विषय वाचायचे आणि खालून "मंजूर, मंजूर" ओरडायचं. मामा त्या गोंगाटात ओरडले, "सभासदाला दिवाळीला साखर देतासा न्हवं? मग सभासदाची लाईटबी द्या!" अध्यक्ष म्हणाले, "अहो, लाईट काय पोत्यातनं देता येती व्हय?" मामा म्हणाले, "पोत्यातनं कशाला, तारंतनं द्या. तार हायच की दारात." सगळा मंडप हसला, पुढचा विषय मंजूर झाला, आणि मामा जिंकल्यासारखे घरी आले. वर्षभर ते ज्याला त्याला सांगत, "इचार चालू हाय."

आणि नेमकं तेव्हाच लोडशेडिंग बोकाळलं. गावात लाईट कधी असायची हे सांगण्यापेक्षा कधी नसायची हे सांगणंच अवघड, कारण ती बहुतेक नसायचीच. दाराच्या मागे मामा खडूनं वेळापत्रक लिहीत आणि ओल्या फडक्यानं पुसत, दिवसातून दोनदा. "ऊस आमचा, चिपाड आमचं, आन् लाईट मुंबईला," असं ते एखाद्या पळून गेलेल्या लेकीबद्दल बोलावं तशा सुरात म्हणत. राग नसायचा. ती इकडं का येत नाही, एवढंच त्यांना कळत नसे. मलाही नीट कळत नव्हतं, खरं सांगतो.

अशात आत्तीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो. पण आत्तीचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरला होता तो एकच, आणि मोतीबिंदू त्यातच. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली. सगळं ऐकून मामांनी एकच प्रश्न विचारला. "मधीच लाईट गेली तर?" डॉक्टर म्हणाले, "जनरेटर आहे ना, काका." मामांनी मान हलवली, पण बाहेर येऊन मला म्हणाले, "जनरेटर म्हंजे डिझेल. डिझेल कुठल्या परक्या मुलखातनं येतंय, त्येला आमच्या हिचं काय सुखदुःख?" मी म्हटलं, "मामा, लाईट लाईटच असते." ते बोटांवर वार मोजायला लागले. मामा हिशोब करायला लागले की मला धास्ती वाटायची.

ती धास्ती खरी ठरली. सोमवारी ऊसतोडीची टोळी त्यांच्या बांधावर येऊन उभी राहिली. ज्याला आमच्याकडचं ठाऊक नाही त्याला सांगतो, तोड मिळावी म्हणून माणसं चिटबॉयच्या, म्हणजे तोडणीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, दारात खेटे घालतात. पाळी चुकली तर ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, वर्षाची मेहनत मातीत. आणि मामांनी दारात आलेली टोळी परत पाठवली! "आज न्हाय. गुरुवारी या." गावाला वाटलं, म्हातारा बायकोच्या काळजीनं खुळावला. तो चिटबॉय, नावाचा बॉय, वय पन्नाशीचं, नातवंडांचा धनी, स्वतः घरी आला आणि ओरडला, "मामा, लोक लौकर द्या म्हणून पाया पडत्यात, तुमी नगं म्हणतासा?" मामांनी त्याला खाटेवर बसवलं आणि हिशोब सांगितला. गुरुवारी ऊस तुटला की संध्याकाळी ट्रॉली कारखान्यात. रात्रभर नंबरात, म्हणजे ट्रॉल्यांच्या रांगेत. पहाटे गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला आत नेणाऱ्या पट्ट्यावर, सकाळी चिपाड बॉयलरात. अकरा वाजता त्याची लाईट कोल्हापुरात, आत्तीच्या डोळ्यावर. "माझा ऊस असला म्हंजे दगा देणार न्हाय," मामा म्हणाले. चिटबॉयनं डोकं खाजवलं. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यानं गुरुवार लिहून दिला. का दिला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मी मात्र चिडलो. बुधवारी मुद्दाम गावाला गेलो. "मामा, वीज अशी ओळखीनं येत नाही हो! सगळीकडची वीज एकत्र होते. तुमचा ऊस कुठला, दुसऱ्याचा कुठला, तारेला काय कळतंय?" मामा म्हशीला वैरण टाकत होते. ते म्हणाले, "डेअरीत सगळ्या गावाचं दूध एकत्र हुतंय का न्हाय?" "होतं." "मग कोल्हापुरात त्या पिशवीत माझ्या म्हशीचं दूध हाय का न्हाय?" मी म्हटलं, "थोडं असेल." "झालं की मग," मामा म्हणाले. "मलाबी थोडंच पायजे. डोळा केवढा असतोय?" मी वैरणीची दुसरी पेंढी उचलून त्यांच्या हातात दिली.

शुक्रवारी दहाला मामा दवाखान्यात आले ते थेट कारखान्यावरून. टोपीवर उसाचं पाचट, डोळे लाल, रात्रभर ट्रॉलीजवळ जागलेले. येताच आत्तीच्या कानाशी वाकून मोठ्यांदा म्हणाले, "पहाटं गव्हाणीत पडला. काय भ्यायचं न्हाय." आत्ती हसली. तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मामांनी समोरच्या ट्यूबलाईटवर नजर लावली, हात जोडले, आणि या खेपेला काहीच विचारलं नाही. कुठनं आली ते त्यांना माहीत होतं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं आणि ते घोरायला लागले.

आणि लाईट गेली.

ट्यूब विझली, पंखा मंदावला. आतून कुणाचा तरी आवाज आला. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला ओहम आठवला नाही, डेअरी आठवली. मग मागच्या बाजूला जनरेटर भडभडला आणि ट्यूब लागली. मामांना पत्ता नाही. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "छान झालं." मामा दचकून उठले. आधी ट्यूबकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मास्तर, गेलती का मधी?" आयुष्यभर पोरांना सांगत आलो, जे दिसलं तेच लिहायचं. त्या माणसाच्या टोपीवरचं पाचट बघितलं आणि म्हणालो, "नाही."

पुढं दहाएक वर्षं मामांनी ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली आणि साक्षीला मला उभं केलं. "इचारा आमच्या मास्तरला, फिजिक्सचा हाय त्यो." मी मान डोलवायचो. हळूहळू मलाच कळेना की लाईट खरंच गेली होती की मला तसं वाटलं होतं.

मामा गेल्याला आता दोन वर्षं झाली. परवा आत्तीला भेटायला गेलो होतो. ती खिडकीशी बसून गोधडीला टाके घालत होती, सुईत दोरा स्वतःच ओवून. गंमत म्हणून बोललो, खरं तर मनावरचं ओझं उतरवायचं होतं. "आत्ती, एक सांगू? त्या दिवशी मी मामांशी खोटं बोललो. लाईट गेली होती."

"मला म्हाईत हाय की," आत्ती सुई न थांबवता म्हणाली. "मी आत न्हवते व्हय? डोळा उघडा, आन् समदा अंधार. डाक्टर म्हनाला, आजी, अजिबात हलू नका. मी म्हनलं, न्हाय हलत, आमचा ऊस हाय." ती जरा हसली. "त्येला काय कळलं न्हाय बिचाऱ्याला."

"मग तू मामांना कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? त्यो अंधार लई मोठा वाटला, बाळ. भ्याले असते तर हलले असते, आन् हलले असते तर डोळा गेला असता. मी भ्याले न्हाय. मग त्येंचा ऊस आला न्हाय, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"पण आत्ती, तो जनरेटर होता. डिझेलचा."

"त्यो नंतर आला की," आत्ती म्हणाली.

तेवढ्यात खोलीतली लाईट गेली. दिवस कलला होता, घरात एकदम काळोख झाला. आत्तीच्या हातात सुई, आणि डोळा तो एकच. मी मेणबत्ती शोधायला घाईनं उठलो.

"बस," ती अंधारातून म्हणाली. "हलू नगंस. कारखान्याचा सीझन चालू हाय."

मी बसलो, आणि हललो नाही.