काचेवरची पहिली ओळ

अर्विन ऑर्साक हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ल्युसिलला याहून बरा मिळाला असता असं माझं मत होतं आणि ते मी त्याला लग्नाच्या दिवसापासून ऐकवत आले. तो म्हणायचा, "मिळाला असता गं मार्लीन, पण त्याला पाट्या रंगवता आल्या नसत्या." आणि ते खोटं नव्हतं. टेक्सासमधल्या आमच्या प्रसेक गावात वाचण्यासारखं जे काही आहे ते अर्विनच्या हातचं आहे. पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव, पशुखाद्याच्या दुकानावरची गाय आणि तिच्याखालची अक्षरं, चर्चच्या जत्रेचा फलक, सगळं त्याचंच. छापील पाटी दिसली की तो तोंड वाकडं करायचा.

एकदा तो लांबच्या चौफुलीवर एका किराणा दुकानाची भिंत रंगवत होता. दुकानदार जेवायला गेलेला. दोन माणसं आली, त्यांनी अर्विनला शिडीवरून ओढून बेदम मारलं आणि त्याचा ट्रक घेऊन गेली. दुधाच्या गाडीवाल्याला तो रस्त्याकडेच्या चरात सापडला. हाडं जुळून आली, पण उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हातात काही दोष नाही. दोष नाही कसा, ब्रश टेकवला की रेघ भलतीकडेच पळायची. भीतीने तो कामाला बाहेर पडेनासा झाला. शेवटी ल्युसिलने एक छोटं रिव्हॉल्व्हर विकत आणून त्याच्यापुढे ठेवलं. "एक तर हे कमरेला लाव, नाही तर घरात बसून माझं डोकं खा," ती म्हणाली.

अर्विनने रीतसर शिकवणी घेतली, नेमबाजीची परीक्षा दिली, परवाना काढला. तेव्हा परवाना लागायचा आणि बंदूक कपड्याआड ठेवावी लागायची. शर्टाखाली ते वजन असलं की त्याचा हात स्थिर, नसलं की थरथर सुरू. त्याने ते कधी कुणावर उगारलं नाही. मी म्हणायचे, "लोकांना चष्मा लागतो, तुला बंदूक लागते." मला नावं ठेवायचा अधिकार नव्हताच म्हणा, परवाना मलाही होता. फक्त माझं पिस्तूल कुठल्या खणात आहे ते शोधावं लागलं असतं.

ल्युसिल शेवटच्या आजारात रुग्णालयात होती. तिथल्या दारावर बंदूक आणू नये अशी पाटी होती, म्हणून अर्विन ती घरी ठेवून यायचा आणि बायकोला जेली भरवायला बसायचा. चमचा तिच्या तोंडापर्यंत पोचेतो निम्मी जेली चादरीवर. शेवटी चमचा माझ्या हातात आला. तो शेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, आणि ल्युसिल माझ्या हातून खाताना त्याच्याकडे बघायची. ती गेल्यावर अशी पाटी असेल तिथे त्याने पाऊलच टाकलं नाही.

घर त्याला खायला उठायचं. उरली होती बर्नडेट कोवारची बेकरी. बर्नी आमच्या शाळेतली. तिच्याकडे दुपारी मागच्या टेबलावर म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या मांडून 'बेचाळीस' नावाचा डाव खेळत, जोडीजोडीने. अर्विनचा जोडीदार लॅडी सुलाक, तोंडाचा फटकळ आणि मनाने अर्विनवर जीव लावणारा. मी शेजारच्या टेबलावरून दोघांच्या चुका काढायचे. तेवढ्या दोन-तीन तासांसाठी अर्विन सकाळी उठून दाढी करायचा.

त्या वर्षी बर्नीची मुलगी डिआन ह्यूस्टनहून परत आली. ती तिथे एका दुकानात गल्ल्यावर बसायची. एके दिवशी एकाने आत येऊन गोळ्या झाडल्या. डिआनला काही झालं नाही, पण शेजारच्या गल्ल्यावरची मुलगी गेली. आता बेकरीत खुर्ची जरी पडली तरी डिआन काउंटरखाली जायची. आम्ही सगळे खुर्च्या उचलून सरकवायला शिकलो.

आणि एका दुपारी अर्विनच्या हातून एक सोंगटी खाली पडली. तो उचलायला वाकला आणि मागून शर्ट वर जाऊन कमरेचं रिव्हॉल्व्हर उघडं पडलं. डिआन खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचेंचा ट्रे घेऊन नेमकी तिथेच होती. ट्रे खाली आणि ती भट्टीमागे. बर्नी तिला बाहेर काढायला गेली ती बराच वेळ परत आली नाही. अर्विन गुडघ्यांवर बसून फरशीवरचे कोलाचे गोळा करत राहिला. "मी पोरीला घाबरवलं," एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या काचेवर एक स्टिकर होता. लाल गोल, आत बंदूक, बंदुकीवर आडवी काट. अर्विन आणि लॅडी त्याच्यासमोर उभे होते.

"याला पाटी म्हणतात का," लॅडी म्हणाला. "कायद्याने कलमाचा सगळा मजकूर लागतो. अक्षरं इंचभर उंच लागतात. इंग्रजीत लागतो, स्पॅनिशमध्ये लागतो. हे तर माझ्या नातवाच्या सायकलवर चिकटवायचं चित्र आहे. चल आत, कॉफी निवतेय."

"बर्नीला नकोय, लॅडी."

"मग तिने तोंडाने सांगावं. तोंडाने सांगितलेलं कायद्याला चालतं. तुला सांगितलं का?"

"नाही."

"मलाही नाही. आटप."

बर्नी सांगणार नव्हतीच. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला लॅडीने खांदा दिला होता, त्याला ती कुठल्या तोंडाने बाहेर जा म्हणणार? लॅडी कमरेच्या बंदुकीसकट आत गेला. अर्विन दारातून माघारी फिरला.

मग तो रोज यायचा आणि रस्त्यापलीकडे ट्रकच्या मागच्या फळीवर बसायचा. मी त्याला तिथेच कॉफी नेऊन द्यायचे.

"बंदूक घरी ठेव आणि ये की आत," मी एकदा म्हटलं.

"मग सोंगट्या हातातून पडतील. सगळ्यांसमोर."

"पडू देत. नाहीतरी तू हरतोसच."

तो हसला नाही. काचेतून आत बघत होता. डिआन काउंटरमागे उभी होती, ट्रेची कड घट्ट धरून, आणि तिची नजर लॅडीच्या शर्टावर खिळलेली. "बघ," अर्विन म्हणाला. "कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हेच पोर दिवसभर शोधत बसते. त्या चित्राचा तिला काडीचा उपयोग नाही. तिला खरी पाटी हवी."

"छापील मिळते विकत."

त्याने तोंड वाकडं केलं. ते तोंड मी ओळखते.

"अरे बाबा, तूच लिहिलीस तर तूच बाहेर राहशील," मी म्हटलं. "लिहायचीच असेल तर बाहेरून लिही, कमरेला लावून. पाटी पुरी होईपर्यंत तुला कोण काय म्हणतंय?"

"काच बाहेरून रंगवतात होय? पावसाने उडते, पोरं खरवडतात. काचेवर आतूनच लिहायचं असतं, उलटं. मी आयुष्यात एकही काच बाहेरून रंगवलेली नाही." एवढं बोलून त्याने कॉफी संपवली. त्याचा हात मला दिसत होता. आत्ता तरी तो स्थिर होता.

सोमवारी बेकरी बंद असते. अर्विन रंगांची पेटी आणि हात टेकवायची काठी घेऊन आला. पेंटर लोक ती काठी डाव्या हाताने काचेला टेकवून धरतात आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून लिहितात. रिव्हॉल्व्हर घरी होतं, ल्युसिलच्या शिलाई मशीनच्या खणात, कुलपात. दारात थांबून त्याने शर्ट वर उचलला आणि जागच्या जागी सावकाश फिरला, काउंटरमागून डिआनला दिसावं म्हणून. ढेरपोट्या म्हातारा कपड्यांच्या दुकानातल्या मॉडेलसारखा फिरत होता, पण मला हसू आलं नाही.

त्याने रेघा आखल्या आणि ब्रश बुडवला. काठी थरथरत होती, म्हणून मनगट थरथरत होतं, म्हणून अक्षर. दंडसंहितेच्या कलमाची ती पहिलीच ओळ. बर्नीला बघवेना. "राहू दे अर्विन," ती म्हणाली, "मी छापील मागवते."

"तू मध्ये बोलू नकोस," तो म्हणाला. त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

ओळ संपली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. जन्मभर रुळासारखी सरळ अक्षरं काढणाऱ्या माणसाने काढलेली ती ओळ मला बघवत नव्हती. मला ती जेली आठवली. वाटलं, चमचा घेतला तसा ब्रशही त्याच्या हातातून घ्यावा. मी उठलेसुद्धा.

माझ्याआधी डिआन उठली. कुणा पुरुषाच्या जवळपास न फिरकणारी पोर काउंटरला वळसा घालून आली, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी काठी धरली.

"मिस्टर अर्विन, मी धरते. घट्ट धरू?"

"घट्ट नको. नुसती असू दे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?"

"बंदूक नसली की वाटते."

"मला असली की वाटते."

"मग आपलं जमणं कठीणच आहे," अर्विन म्हणाला, आणि डिआन हसली. ती परत आल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. बर्नीनेही ऐकलं नसावं, कारण ती पीठ बघून येते म्हणून आत गेली आणि तिथे नळ सोडून रडली.

दुसरी ओळ बरी उतरली, तिसरी आणखी बरी. स्पॅनिश सुरू झालं तोवर अक्षरं टाकीवरच्यासारखी ताठ उभी राहत होती. शेवटचं अक्षर झाल्यावर अर्विनने पहिली ओळ खरवडून पुन्हा लिहायला ब्लेड काढलं. डिआनने ते त्याच्या हातून काढून घेतलं.

"ती राहू द्या."

"अगं, गावात माझी अब्रू जाईल."

"जाऊ दे. तुम्हीपण घाबरला होतात, हे मला रोज दिसायला हवं."

दुसऱ्या दिवशी लॅडी पाटीसमोर उभा राहिला. त्याने ओठ हलवत ती सगळी वाचली, येत नसलेलं स्पॅनिशसुद्धा. मग ट्रकमध्ये जाऊन बराच वेळ पुटपुटत बसला, बंदूक तिथेच ठेवून परत आला, दारात शर्ट वर करून डिआनला आपलं पोट दाखवलं आणि टेबलाशी येऊन बसला. "पहिली ओळ पिऊन लिहिलीस का रे?" त्याने विचारलं. अर्विनने सोंगट्या उचलल्या आणि त्यातली एक निसटून फरशीवर वाजली. आम्ही सगळे काउंटरकडे बघायला लागलो. डिआन दचकली होती, पण खाली गेली नव्हती. तिने येऊन सोंगटी उचलली, एक खुर्ची उचलून त्याच्या शेजारी ठेवली आणि बसली. "सोंगट्या मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."

अर्विनला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आता परवानाही लागत नाही, कायदा बदलला, पाटीचा मजकूर जुना झाला. बेकरी डिआन चालवते. मागच्या वर्षी तिने दारावर नवी छापील पाटी लावली आणि ब्लेड घेऊन काचेवरची जुनी खरवडायला बसली. मी कॉफी पीत बघत होते. खालच्या सगळ्या सरळ, देखण्या ओळी तिने एकेक करून काढल्या. पहिल्या ओळीपाशी पोचल्यावर तिने ब्लेड पुसलं आणि खिशात ठेवलं.