गोठ्यातलं बटण आणि आमची धाकटी

आमच्या धाकट्या जावंचं कौतुक ऐकून ऐकून माझं कान किटल्यात. गावात कुणीबी भेटू दे, "विजयमाला, तुझी जाऊ लय हुशार गं!" आगं, मग घेऊन जा की तिला तुमच्या घरी! मी काय अडवलंय?

शिवांजली तिचं नाव. माहेर सांगलीकडचं. लग्नाआधी तिकडं एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला हुती, पत्रा दाबून त्याचं भाग काढायचं काम. माझा दीर ऋषिराज मिलिट्रीत. लग्न झालं, सुट्टी संपली, तो गेला बॉर्डरवर अन् ही ऱ्हायली आमच्यापाशी. आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं. घरात सासूबाई, त्यांना आमी आत्याबाई म्हणतो. आमचं मालक, नाव घ्यायचंच तर मानसिंगराव. अन् मागं गोठा, जर्शी गायांनी भरलेला.

आमच्या घरात एक रीत हाय. वसुबारसंला गाय-वासराच्या पूजेचं ताट जिच्या हातात, गोठ्याचा कारभार तिचा. आत्याबाईंचं गुडघं गेल्यात, त्यामुळं औंदा ताट सुनंकडं जाणार हे सगळ्यांना ठावं हुतं. लग्न होऊन आल्यापासनं शेण मी काढलं, धारा मी काढल्या, अडलेल्या गाईपाशी मी बसले. ताट माझंच हुतं. पर माझ्या कपाळाला एक शिक्का बसलेला. येंधळी.

त्याचं असं झालं. मागं एकदा सांजच्याला मालक वैरण बारीक करायच्या कुट्टी मशीनच्या तोंडात अडकलेलं उसाचं वाडं काढत हुतं. अंधारून आलेलं. मला म्हणलं, "आगं, लाईट लाव की!" दाराशी बोर्ड, त्यावर एका रांगंत सारखीच पांढरी बटणं. लाईट, कुट्टी, पंखा, धारांचं मशीन, सगळी एकाला एक लागून. म्या दाबलं अन् कुट्टी घुरघुरली. मालकांच्या बोटाचं पेर गेलं. तवापासनं दुधाचं भांडं कलंडू दे न्हाईतर मीठ जास्त पडू दे, आत्याबाईंचं एकच, "थोरली येंधळीच. नवऱ्याचं बोट तोडलं तिनं." पाव्हण्यांच्या देखत म्हणायच्या. मी खाली मान घालून च्या द्यायची.

अन् मग आली ही. मला वाटलं, नव्याचं नऊ दिस. कसलं काय! आल्या आल्या काय केलं असंल? गोठ्यात उभी ऱ्हाऊन नुसती बघत बसली. कोण आत येतं, हात पयला कुठं जातो, कोण काय दाबतं. मी म्हणलं, "बाई, शेण भरायचंय, तमाशा न्हाई लागला हितं." तर हसली. हसती बी गोड, मेली.

पुढच्या रविवारी वायरमन बोलावला. कुट्टीचं बटण बोर्डावरनं उचललं अन् मशीनच्या तोंडाशेजारी बसवलं, वर झाकण. म्हंजे जो दाबंल त्याला आत कुणाचा हात हाय का दिसंलच. बंद करायचं लाल बटण केवढं थोरलं, गुडघ्याच्या उंचीला. दोन्ही हात अडकलं तर गुडघ्यानं दाबायचं म्हणं. दाराशी लाईटीचं बटण एकटंच ठेवलं. बाकीची बाजूला सरकवली, पंख्याच्या बटणाला बाटलीचं झाकण चिकटवलं, धारांच्या मशीनला रबरी नळीचा तुकडा, नुसतं चाचपून कळावं म्हणून.

अन् हे सगळं करताना तिच्या मागं वायर धरून कोण? आमचं मालक! माझ्या न्हाणीतला नळ वर्सभर गळतोय, त्याला हात लावायला सवड न्हाई. हितं मातूर शिट्टी वाजवत दिवसभर उभं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आत्याबाईंनी पदरानं डोळं झाकलं, हात लावला, लाईट लागली. "आगं बया! आंधळ्यालाबी जमंल!" मग काय, आळीतल्या बायका बघायला. ती आपली सांगतीया, "आमच्या कारखान्यात प्रेसला दोन बटणं असायची, लांब लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचाच न्हाई. म्हंजे हात आत ऱ्हाईलच कसा? माणूस चुकणारच, काकी. चुकलं तरी बोट शाबूत ऱ्हावं असं मशीन पायजे." बोट म्हणलं की सगळ्या माझ्याकडं बघायच्या. मला वाटलं मुद्दाम बोलती, माझा पाणउतारा करायला.

मीबी काय कमी न्हाई. बाजारातनं रंग आणला अन् प्रत्येक बटणाखाली सुबक अक्षरात नाव काढलं. आत्याबाई म्हणल्या, "अंधारात वाचू व्हय गं? अन् शाळंत कवा गेलते मी?" बायका खुदकन हसल्या. धाकटी तेवढी म्हणली, "ताई, अक्षर लय देखणं हाय तुमचं." जखमंवर मीठ चोळलं जणू. रातभर कूस बदलत पडले. माझा गोठा, माझ्या गाया, माझा नवरा, समदं त्या बाटलीच्या झाकणामागं चाललं हुतं.

वसुबारस आली. अंगणात गाय-वासरू, रांगोळी, आळीतल्या बाया. आत्याबाई ताट घेऊन उठल्या अन् सरळ धाकटीपुढं धरलं. "थोरली मनानं चांगली हाय, पर हाताची येंधळी. गोठा शिवांजलीनं बघावा." सगळ्यांच्या देखत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शिवांजलीनं हात मागं घेतलं. म्हणली, "आत्याबाई, म्या आल्यापासनं लाईटीच्या जागी कितींदा कुट्टी लावली ठावं हाय? नशीब, आत कुणाचा हात न्हवता. म्हणून तर बोर्ड बदलला. ताई येंधळ्या न्हाईत. ते बटणच वंगाळ जागी हुतं. तिथं कुणाच्याबी हातनं ते बोट गेलं असतं."

मग मालकांनी घसा खाकरला. "व्हय. माझ्याबी हातनं लागलीया कुट्टी. लय येळा."

मी त्यांच्याकडं बघितलं. "आवं, मग आजवर बोलला का न्हाई?"

"कुणी इचारलंच न्हाई की," म्हणलं अन् वासराच्या पाठीवरनं हात फिरवायला लागलं.

आत्याबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. म्या गाईच्या पायावर पाणी घातलं, कुकू लावलं, वासराला घास भरवला. डोळं भरून आल्यालं, ते ओवाळताना निरांजनाच्या धुरावर ढकललं.

आता गोठा माझा हाय. येंधळी म्हणायची कुणाची टाप न्हाई. पर जे माझ्या नवऱ्यानं बोलायचं हुतं, ते हिनं बोलावं? काल आलेल्या पोरीनं? ताट मिळालं तेबी तिनं सोडलं म्हणून मिळालं. अजून जळते मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू? जरा तरी वाईट असती तर बरं झालं असतं, निदान मन भरून भांडले तरी असते.