वीतभर आल्प्स

अख्ख्या रायगड जिल्ह्यात माणसाला झाडाची माफी मागायला लावणारा एकच गृहस्थ आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. माफी मी स्वतः मागितलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. झालं असं, की पाच वर्षांपूर्वी आम्ही खोपोलीहून कडावला मामांकडे जेवायला गेलो होतो. वालाचं बिरडं झालं होतं, ते मी जरा जास्तच जेवलो आणि हात धुऊन सवयीप्रमाणे अंगणाच्या कडेला गेलो. जेवल्यावर झाडाच्या बुंध्याशी चूळ टाकायची, म्हणजे पाणी वाया जात नाही, ही आमच्या घराण्याची सभ्यता. समोर कुंडीत सुरूच्या पिल्लासारखं काहीतरी बोटभर उभं होतं. मी मनापासून चूळ टाकली. मागून मामांचा आवाज आला, "जावईबापू, तुम्ही आत्ता आल्प्स पर्वतावर थुंकलात."

त्यानंतर मामांनी गाळलेल्या पाण्याने त्या रोपाला चमच्याचमच्याने आंघोळ घातली आणि मी शेजारी हात जोडून उभा राहिलो. तेव्हापासून ते माझी ओळख करून देताना माझं नाव, नोकरी, गाव काही सांगत नाहीत. "हे आमच्या भाचीचे यजमान. चूळ भरतात," एवढंच सांगतात. समोरचा माणूस माझ्यापासून दोन पावलं लांब सरकतो.

आल्प्स कडावात कसा आला, तेही सांगितलं पाहिजे. मामांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रियात शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली. मामांनी विरोध वगैरे केला नाही. व्याही काय करतात, एवढंच विचारलं. व्याही जंगलखात्यातून निवृत्त झालेले. मामा भिवपुरीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. दोघेही सरळ मार्गाचे, कमी बोलणारे आणि आपापल्या क्षेत्रात जगात दुसरा नाही असं समजणारे. पाहुणचार म्हणून व्याह्यांनी मामांना डोंगरावर नेलं. वर, जिथे बाकीची झाडं हात टेकतात, तिथे गुडघ्याएवढ्या पाइनची दाट झुडपं पसरलेली. सहा महिने बर्फाखाली दबून राहतात आणि बर्फ वितळला की अंग झटकून उठतात. मामा भारावले. मुलीला म्हणाले, विचार त्यांना, याचं बी मिळेल का. व्याह्यांनी सुपारीएवढी चार फळं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि बजावलं, की हे झाड उन्हात, मैदानात जगत नाही.

"न जगायला काय झालं?" मामा म्हणाले. "त्यांना सांग, आमच्याकडे याल तेव्हा तुम्हाला झाड दाखवतो."

एवढ्या एका वाक्यावर मामांनी पुढची पाच वर्षं आणि मामींचा फ्रिज खर्ची घातला. बियांना आधी थंडी लागते म्हणून तीन महिने फ्रिजमध्ये पाइन आणि पाटावर भाजी, असा संसार चालला. चौदा रोपं उगवली. एरवी ज्या पावसाने कडावचं भात पिकतं, त्या पावसाने पहिल्याच वर्षी त्यातली नऊ कुजवली. मग झाडाला पाण्याचा निचरा होणारी खडकाळ जमीन पाहिजे, असा शोध लागला. कडावात खडी मिळत नाही असं नाही. पण मामांना डोंगराची खडी हवी होती. ती त्यांनी कशेळ्याहून जीपमधून आणली. जीपवाला गोणी टपावर टाकायला निघाला, तर ऊन लागून खडी तापेल म्हणून मामांनी तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः दारात लोंबकळत आले. उन्हाळ्यात मुळं गार राहावीत म्हणून कर्जतच्या मासळीवालीकडून बर्फ येऊ लागला. बर्फ एकदा वापरलेला असे. बोंबलाचा वास कुंडीत असा मुरला की आळीतली सगळी मांजरं संध्याकाळी आल्प्सच्या पायथ्याशी गोल करून बसत. मांजरं हाकलायला मामा बसत, आणि मामा एकटेच बसतात म्हणून शेजारचे दोघेतिघे येऊन बसत. लांबून पाहणाऱ्याला तिथे कीर्तन आहे असं वाटे.

वीजकेंद्रात मामांनी उभा जन्म दर तासाला मीटरवरचे आकडे वहीत उतरवण्यात घालवला. निवृत्तीनंतर मीटर राहिले नाहीत, पण वही राहिली. ती पाइनच्या कामी आली. सकाळी सात, नऊ, अकरा, अशी झाडाची उंची नोंदवली जाई. त्यात एक मोठीच अडचण होती. जात बुटकी. झाड वाढलं तर मामांना भीती, की व्याही म्हणणार, हे आमचं नव्हे; आणि नाही वाढलं तर भीती, की मेलं. त्यामुळे वाढीचा आकडा लिहून झाला की ते काळजीत, न वाढल्याचा लिहून झाला की आणखी काळजीत. मी एकदा म्हणालो, "मामा, मोजूच नका ना." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला नकळत तोंडातलं पाणी गिळावं लागलं. आणि तोंडात पाणी नव्हतंच.

चौथ्या वर्षी एकच झाड उरलं. वीतभर, जरासं वाकडं, एका बाजूला टक्कल पडलेलं. गावात त्याला मामांचं 'सुरू' म्हणत, ते मामांना अजिबात खपत नसे. डोंगरवारा मिळावा म्हणून त्याला रोज दोन तास टेबलफॅन लागे. त्या वेळेत घरात मामी पदराने वारा घेत. "पुढच्या जन्मी मला कुंडीत घाला," असं त्या एकदा म्हणाल्याचं आठवतं. मामांनी ते मनावर घेऊन कुंडी किती मोठी लागेल याचा विचार केला असावा, कारण ते कुंडीकडे आणि मामींकडे आळीपाळीने बघत होते.

आणि या वर्षी शिमग्याच्या सुमारास मुलीचा फोन आला, की जुलैत सासऱ्यांना घेऊन येतेय. त्यांनी झाडाची आठवण काढली आहे.

त्या फोननंतरचे मामा मी पाहिलेले आहेत. माणसाची मुलीच्या लग्नात होते ती सगळी धावपळ, जी मामांच्या वाट्याला तेव्हा आली नव्हती, ती त्यांनी आता करून घेतली. घराला रंग दिला. पायवाटेला चिरे बसवले. फक्त झाडाने या कार्यात सहकार्य केलं नाही. ते बदामी दिसू लागलं होतं. मी तसं म्हणालो, तर मामा म्हणाले, ते विश्रांती घेतंय, थंड मुलखातल्या झाडांचा तो स्वभाव असतो. वैशाखात थंड मुलखातलं झाड विश्रांती घेत असेल, तर आपण कोण बोलणार? 

त्याच वैशाखात मामांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस पनवेलला राहायचं, मामी सोबत जाणार. झाडाजवळ कुणीतरी हवं. मामांनी खूप विचार करून माझी निवड केली. मला गहिवरून आलं. चुळीचा डाग पाच वर्षांनी धुऊन निघत होता. त्यांनी मला दोन पानी सूचना लिहून दिल्या, पंख्याचा वेग समजावला, मांजरांची ओळख करून दिली आणि रिक्षात बसताना म्हणाले, "आता सगळं तुमच्यावर, जावईबापू."

तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसलो. चौथ्या दिवशी सकाळी पारूबाई आल्या. डोंगराखालच्या वाडीवरच्या पारूबाई मामांचं शेत वर्षानुवर्षं करतात. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी त्या जागेवर राब भाजतात. म्हणजे शेण, पाला, सुक्या काटक्या, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं, राख मिळते आणि मग रोपं तरारून येतात. वैशाखात त्यासाठी ज्याच्या त्याच्या अंगणातलं वाळलेलं गोळा होतं, तशा त्या गोळा करायला आल्या होत्या. मी ओटीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. वाळलेलं ऱ्हायलंय ता नेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, न्या.

"ह्या कुंडीतलं पन?"

"सगळं न्या," मी वर न बघता म्हणालो. आणि आपण फार उदार आहोत अशा थाटात पुढे म्हणालो, "विचारायचं काय त्यात?"

अर्ध्या तासाने पंखा बंद करायला उठलो, तर तो रिकाम्या कुंडीला वारा घालत होता. मी शेताकडे पळालो. आयुष्यात इतका मी एस. टी.साठीही पळालेलो नाही. पोचलो तेव्हा राब शांतपणे धुमसत होता आणि पारूबाई त्यावर काटकीने माती सारखी करत होत्या. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "काय झालं रं, जावयबापू? आमी इचारलं व्हतं ना तुमाला." मग जरा वेळाने, कौतुकाने, "पन काय भडाकलं ता! वास तर देवापुढच्या धुपावानी आला."

संध्याकाळी मामा परतले. डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मी वाक्यं पाठ करून ठेवली होती, ती ऐन वेळी आठवेनात. जे झालं ते उलटसुलट सांगितलं. मामा कुंडीजवळ गेले, उरलेल्या एका डोळ्याने आत बराच वेळ बघत राहिले. मामी दारात उभ्या होत्या.  मला वाटलं, आता वही येणार आणि त्यात माझी नोंद होणार.

"वास आला होता का?" मामांनी विचारलं.

"पारूबाई म्हणाल्या, धुपासारखा."

"मग अस्सल होतं," मामा म्हणाले आणि चहाला आत गेले.

मी मात्र पुढचे दोन महिने धड जेवलो नाही. मुलीच्या सासऱ्यासमोर बापाची मान खाली जायची, तीही माझ्यामुळे. पोरीच्या बापाला यापेक्षा वाईट काय असतं? मी रोपवाटिका पालथ्या घातल्या. एकाने मला नाताळात सजवायचं प्लास्टिकचं झाड दाखवलं. खरं सांगतो, मी दोन मिनिटं विचार केला.

व्याही आले ते ऐन लावणीच्या दिवसांत. विजेच्या खांबासारखा उंच माणूस, चौकटीतून वाकून आला. चहा झाला, पोहे झाले, आणि व्याही मुलीला काहीतरी म्हणाले. त्यातला झाड हा शब्द कुठला, ते भाषा येत नसतानाही मला कळलं. मी ओटीवरून सटकायला निघालो होतो, तेवढ्यात मामांनी छत्री उचलली. "जावईबापू, तुम्हीही चला." आम्ही चौघं बांधावरून निघालो. राब भाजला होता त्या तुकड्याशी मामा थांबले. बाकी शेत अजून चिखलाचं होतं. तेवढाच तुकडा पोपटी, दाट, गुडघ्याएवढा झाला होता. वारा आला की सगळा एकदम वाकत होता आणि उठत होता.

"सांग त्यांना," मामा मुलीला म्हणाले, "तुमचं झाड इथे आहे."

मुलीने सांगितलं. मग राब म्हणजे काय ते सांगितलं; तिला शब्द सापडत नव्हते, तेव्हा मामांनी हातांनी आग लावून दाखवली. व्याही ऐकत होते. मग त्यांनी शांतपणे बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. आवणातली, म्हणजे त्या भाताच्या रोपांतली, एक मूठ उपटली, मुळं धुतली, वास घेतला, पाती बोटांवर फिरवली. बराच वेळ. मग मुलीला काहीतरी म्हणाले आणि ती हसायला लागली.

"बाबा, ते विचारतायत याचं बी मिळेल का. आणि त्यांच्याकडे हे जगेल का?"

मामांची छाती जी फुगली, तशी फुगलेली मी आजवर कधी पाहिली नव्हती. "न जगायला काय झालं?" ते म्हणाले.

जाताना व्याह्यांच्या सदऱ्याच्या खिशात मूठभर कोलमचं भात होतं. दिवाळीत फोटो आला. बाहेर बर्फ, आत न्हाणीघरातल्या टबात चिखल, वर पिवळा दिवा, हीटर, आणि त्या सगळ्या थाटामाटात भाताची सात पाती. त्यांच्या मंडळींना आंघोळीला शेजारी जावं लागतं म्हणे. आता दर रविवारी मामा फोन लावून बसतात. पिवळं पडलं का, पाणी किती ठेवलं, असं विचारतात. मुलगी भाषांतर करून थकते. आणि मामा आपल्या जुन्या वहीत आल्प्समधल्या भाताची उंची उतरवतात. पाइनचं पान उलटून त्यांनी नवीन पान सुरू केलंय.

हे सगळं मी परवा हिला जरा ऐटीतच ऐकवलं. म्हटलं, बघ, माझ्या एका चुकीने दोन देशांचे व्याही जवळ आले. ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते झाड शिमग्यालाच मेलं होतं. मामींनी तेव्हाच मला सांगितलं होतं."

"मग मामा पंखा कुणाला लावत होते?" मी विचारलं. "त्यांना दिसत नव्हतं?"

"मोतीबिंदू एका डोळ्याला होता, दोन्हींना नाही." तिने एक वाळकी काडी बाजूला टाकली. "स्वतःच्या हाताने उपटवत नव्हतं त्यांना. म्हणून तर राखणीला तुम्हाला बसवलं. दुसरं कुणी असतं, तर ते अजून तिथेच असतं."