चार मीटर

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला फ्रेल्टी सुरू झालीय." मला वाटलं, आला कुठला तरी नवा ताप. मग त्यांनी समजावलं. वयाबरोबर अंगातली राखीव ताकद कमी होत जाते, मग साधं पडसंही माणसाला खाटेला खिळवतं. ती उतरण किती झाली, हे दर तीन महिन्यांनी मोजायचं.

मी लातूरच्या एका वृद्धाश्रमात राहतो. आयुष्यभर लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर होतो. खच्चून भरलेल्या गाडीत दांडा न धरता तिकिटं फाडली. अशा माणसाची चाल मोजणार म्हटल्यावर मला हसूच आलं.

मोजणी साधी असते. फरशीवर चार मीटरवर दोन पट्ट्या चिकटवतात आणि नेहमीच्या चालीनं चालायला सांगतात. याला गेट स्पीड म्हणतात, म्हणजे चालीचा वेग. मग ग्रिप स्ट्रेंथ, म्हणजे हाताची पकड. शेवटी हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. मला चार मीटरला सहा सेकंद लागले.

तीन महिन्यांनी आठ लागले, आणि खुर्चीतून तिसऱ्यांदा उठताच आलं नाही.

आमच्या आश्रमाचा नियम असा, की पाच वेळा उठता येत नसेल तर वरची खोली सोडून खालच्या खाटांच्या हॉलमध्ये जायचं. वर माझ्यासोबत औशाचे करीमभाई असतात, जुने शिंपी. खिडकीतून रस्ता दिसतो, नांदेडची गाडी वेळेवर गेली की नाही ते मी रोज बघतो. ती खोली जाणार म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. मॅडमनी पुढच्या मोजणीपर्यंत मुदत मागून घेतली.

मग त्यांनी विचारलं, दिवसभर करता काय? पाणी सुमन आणते, ताट सुमन उचलते, उठताना बगलेत हातही तीच घालते. सुमन आमची सेविका, जिवाला जीव देणारी. शिवाय कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध असलं की बाहेरचे दाते जेवण घेऊन येतात, आम्हाला पंगतीत बसवून स्वतः वाढतात. म्हाताऱ्याला हलू देणं त्यांना पाप वाटतं. मीही तो मान मिरवत होतो.

"ही सेवाच तुम्हाला बसवतेय," मॅडम म्हणाल्या.

मी सुमनला सांगितलं, मला उठवायचं नाही. तिला राग आला. "लोक म्हनतील, सुमन म्हाताऱ्याला राबवून राहिली," म्हणाली आणि दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवसापासून नुसती शेजारी उभी राहू लागली. माझे पाय लटपटले की तिचा हात पुढे यायचा आणि मागे जायचा. मी रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठ-बस केली, मॅडमनी सांगितलं म्हणून जेवणात डाळ आणि अंडं वाढवलं.

एका वाढदिवसाच्या पंगतीत मी उठलो. दाते म्हणाले, आजोबा, बसा, आम्हाला पुण्य मिळू द्या.

"पुन्य तुम्हाला मिळून राहिलं, पाय माझे जाऊन राहिले. द्या इकडं ती बादली."

पूर्ण पंगतीला वरण वाढत निघालो. पंगतीच्या टोकाहून करीमभाई ओरडले, "कंडक्टर, मागच्या सीटवर बी या की."

तुमच्या घरी कुणी थकलेलं माणूस असेल तर त्याचा पाण्याचा तांब्या जरा लांब ठेवा. दुष्टपणा वाटेल, वाटू द्या. पडणार नाही एवढं मात्र बघा.

पुढच्या मोजणीला पकड थोडी उतरलीच होती. ती माझ्या हातातून जाणारच, हे मी आता मान्य केलंय. चार मीटरला सहा सेकंद लागले. मग खुर्ची. चौथ्यांदा उठताना गुडघे थरथरले, पाचव्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण उठलो. मला माझा अभिमान वाटला, सांगायला लाज कसली.

समोर सुमन भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मला उचलण्यापेक्षा न उचलणं तिला जड गेलं होतं. मी तिच्यापर्यंत चालत गेलो.

"सोड आता हात, पोरी," म्हणालो. "खोली आपलीच हाय."