सोजरामावशींचं मीठ

पानशेतला आमची खानावळ आहे. तिच्यामागच्या टेकडीवर धनगरवाड्यात सोजरामावशी ढेबे राहतात. दारी आलेला जीव, मग ते कुत्रं असो की मीटर बघायला आलेला माणूस, पाणी पाजल्याशिवाय त्या सोडत नाहीत. या खोडीपायी त्यांनी एकदा माझा जीव कंठाशी आणला होता. तरी आज मी त्यांचं नाव घेते ते हात जोडूनच.

गेल्या वर्षी आम्ही कोकणातून जिताड्याची पिल्लं आणली. हा खाडीचा मासा; पुण्याची गिऱ्हाइकं त्याच्यावर जीव टाकतात. खाऱ्या पाण्यातली पिल्लं आम्ही सरळ शेततळ्यात सोडली आणि सगळी गेली. यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं नवऱ्यानं, हनुमंतानं, मला निक्षून सांगितलं होतं. म्हणून या खेपेला पिल्लं अंगणातल्या टाकीत खाऱ्या पाण्यातच ठेवली. रोज थोडं थोडं गोडं पाणी मिसळायचं ठरलं. समुद्रात हा मासा पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळा उलटा कारभार: मीठ अंगात धरून ठेवायचं आणि आपोआप शिरणारं पाणी बाहेर काढायचं. हे अंगवळणी पडायला पिल्लांना वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मी आत भाकऱ्या थापत होते. मावशी आल्या, बोट बुडवून टाकीतलं पाणी चाखलं आणि कळवळून विहिरीच्या पाण्याच्या घागरींवर घागरी त्यात ओतल्या. मी बाहेर आले तर पिल्लं आडवी होऊन तरंगत होती.

"आगं, तहानली हुती बिचारी," मावशी म्हणाल्या.

"मारलंत तुमी त्यांना! आता एवढं मीठ म्या कुठनं आणू?"

मावशी घागर तिथंच टाकून टेकडीकडे निघून गेल्या. रुसल्या असतील. बरं झालं, असंही मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

घरातलं होतं नव्हतं ते मीठ मी विरघळवत होते, तोवर त्या धापा टाकत परत आल्या. डोक्यावर मेंढरांसाठी ठेवलेल्या खडेमिठाचं पोतं. दोघींनी ते बादलीत विरघळवून हळूहळू टाकीत सोडलं. बराच वेळ काही घडेना. मग एक पिल्लू सरळ झालं, मग त्याच्या शेजारचं. काही गेली, पण बहुतेक तगली. मावशी पदरात तोंड घालून रडल्या, आणि मीही.

पुढे रोज तांब्या घेऊन त्यांनीच पाणी मिसळलं, दर वेळी मला विचारून. पिल्लं तळ्यात सोडली, ती मजेत पोहू लागली. मग मी मिठाचं नवं पोतं घेऊन वाड्यावर गेले.

"मावशी, तुमचं लई उपकार झालं बगा."

त्यांनी निम्मं मीठ आपल्या डब्यात ओतलं आणि पोतं माझ्या हाती दिलं.

"हे तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे. फुडल्या साली पिल्लं आणशील तवा लागंल."

पुढल्या सालाचं मी अजून हनुमंताला विचारलंही नव्हतं.