लिंबावरून गेलेली अँबॅसडर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसा विम्याच्या कचेरीत लोकांशी गोड बोलते, त्यामुळे घरी आल्यावर गोडवा फारसा उरलेला नसतो. जो काही उरतो तो मी वीतभर लांबीच्या मॉडेल मोटारींवर खर्च करते. कंपनीचा रंग खरवडून काढायचा, प्रायमर मारायचा आणि बारीक ब्रशने आपल्या मनातली नक्षी काढायची. कुणाच्या दारांवर वेली, कुणाच्या टपावर ज्वाळा. तंजावुरात घरटी एक वीणा नाहीतर देवाचं सोनेरी चित्र सापडेल, पण हा वेडेपणा करणारी मी एकटीच, असा माझा समज आहे आणि तो कुणी मोडू नये.

आमचे अप्पा मात्र या सगळ्याला खेळणी म्हणायचे. अप्पांनी जन्मभर तंजावूर ते तिरुवैयारु टाउन बस चालवली. कावेरीचे सगळे पूल, कालव्यावरची सगळी वळणं त्यांच्या हातात बसलेली. माझ्या टेबलाजवळून जाताना विचारायचे, "झाली का गं खेळणी रंगवून?" मला ते फार लागायचं. सगळ्या गावानं वाहवा केली असती तरी मला ती या एका माणसाकडून हवी होती, आणि तो माणूस खेळणी खेळणी करत कॉफी प्यायचा!

यंदा त्रिचीच्या मॉडेल गाड्यांच्या प्रदर्शनात माझी अँबॅसडर निवडली गेली. पहिल्यांदाच! पांढऱ्या गाडीवर मी मोर काढला होता. मान पुढच्या दारावर, पिसारा थेट मागच्या दिव्यापर्यंत, आणि पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा सोनेरी. प्रदर्शन विजयादशमीच्या दुपारी होतं. म्हटलं, "अप्पा, तुम्ही याच."

"मी? खेळणी बघायचं वय आहे का माझं?"

"नका येऊ!" मी म्हणाले आणि दार आपटलं. मग आत बसून थोडी रडले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी, मी न्हाऊन स्वयंपाकघरात प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल परतत होते. पूजेचं खातं अप्पांकडे. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक वाहन पुसून त्याला चंदन-कुंकू लावतात. सुरी, विळी, कात्री, माझी मोपेड, सगळ्यांना. वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून पुढे घेतात. लिंबू फुटलं की दृष्ट गेली.

नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडल्या होत्या त्या खोलीतून 'फच्च' असा आवाज आला. मागोमाग अप्पा म्हणाले, "अय्यो."

मी धावले. अप्पा पाटावर मांडी घालून बसलेले, कपाळाला विभूती, आणि समोर माझी अँबॅसडर. बॉनेटवर चंदनाचा भला मोठा टिळा, त्यावर कुंकू. आदल्या दिवशी मारलेलं लॅकर अजून पुरतं सुकलं नव्हतं, त्यामुळे कुंकू कायमचं तिथेच राहायला आलेलं. चाकाखाली लिंबू. लिंबू कसलं, चाकापेक्षा मोठं! अप्पांनी तळहाताचा सगळा भार देऊन गाडी त्यावरून नेली होती. पुढच्या चाकांचा दांडा वाकला होता, मोराच्या पिसाऱ्यात बिया होत्या, आणि एक चाक कोलूच्या पायरीखाली जाऊन बसलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "करायला गेलात गणपती आणि झाला मारुती! काय केलंत हे? उद्या प्रदर्शन आहे! माझे ब्रश कुठायत? पक्कड कुठाय?"

"पूजेत ठेवलीत," अप्पा खाली बघत म्हणाले. "आज हात लावायचा नाही. उद्या सकाळपर्यंत हत्यारं विश्रांतीला."

मी आणखी ओरडणार, तेवढ्यात माझं लक्ष कोलूच्या सगळ्यात खालच्या पायरीकडे गेलं. तिथे शेजारच्या मुलींनी मांडलेली प्लास्टिकची आगगाडी होती, लाकडी बैलगाडी होती. त्यांना टिळा नव्हता. त्यांच्याखाली लिंबू नव्हतं. अप्पांनी सबंध घरातून दोनच वाहनं निवडली होती, दारातली मोपेड आणि ही.

मग मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. मी जमिनीवर बसून हसले, सुंडल करपल्याचा वास आला तरी हसतच होते. अप्पा घाबरले. "वेड लागलं का हिला?" म्हणाले, आणि मग तेही हसायला लागले. आनंदानं माणूस किती मूर्खासारखा दिसतो, ते आम्हा दोघांना बघून कळलं असतं.

विजयादशमीला उजाडताच पूजा उतरवली. अप्पांनी पक्कड घेऊन दांडा सरळ केला. चष्मा नाकावर, जीभ ओठात धरलेली, आणि डावीकडे थोडं ओढतंय म्हणून परत परत तपासणं. मी बिया काढल्या. कुंकू राहू दिलं. गाडी टेबलावर सरळ धावली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी मात्र गाडी उचलून पुढून बघितली, मागून बघितली. "नंबर कुठाय?"

"अप्पा, मॉडेलला नंबर नसला तरी चालतो."

"बिननंबरची गाडी त्रिचीच्या रस्त्यावर काढणार?"

मी ब्रश उचलला. त्यांना खूश करावं म्हणून विचारलं, "तुमच्या बसचा नंबर घालू?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही भलतंच बोलले होते. "ती माझी गाडी होती. ही तुझी. हिला हिचा नंबर पाहिजे."

मला सुचेल तो नंबर मी काढला. एक आकडा जरा वाकडाच आला. तो वाळेपर्यंत अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, चपला चढवून दारात उभे होते. "चल लवकर," म्हणाले, "बसमध्ये पुढची जागा मिळायला हवी. गाडी मी मांडीवर धरतो."